जूनमध्ये मी नाही

"अरे, तुझ्या मुलीलाही पाठव ना आमच्याकडे. जूनमध्ये आई आहेच," माझा मुलगा फोनवर ऑफिसातल्या मित्राला सांगत होता. मी पोळ्या लाटत होते. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंत म्हणावी अशी भिंत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं ऐकायला मुद्दाम कान द्यावा लागत नाही. जूनमध्ये इथल्या शाळांना सुट्टी असते. माझी नात पहिलीत. म्हणजे ती दिवसभर घरी, मुलगा आणि सून तांजोंग पगारला आपापल्या ऑफिसात, आणि आता वर मित्राची मुलगी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

मला त्या "आहेच"मधला "च" झोंबला. आई आहे, एवढंच म्हणाला असता तर मी पोळ्या लाटत राहिले असते. आई आहे म्हणजे देवाची कृपा. आई आहेच म्हणजे फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे आणि त्यांच्या रांगेत आईही आहे. एका अक्षरात माणसाला गृहीत धरायची सोय दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. बत्तीस वर्षं पुण्यात शाळेत शिकवलं, पण हा "च" माझ्यामागे लागेपर्यंत मला त्याची धार कळली नव्हती.

मी गॅस बंद केला, हात पुसले, त्याचा फोन संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "जूनमध्ये मी नाही."

"नाही म्हणजे? पुण्याला चाललीस का?"

"फ्रान्सला. सायकल चालवायला."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. सुनेनं लॅपटॉपवरून मान वर केली. नात चित्र रंगवत होती, ती म्हणाली, "आजी, कॅन आय कम?" तिला म्हटलं, पुढच्या वेळी. घरात त्या क्षणी सरळ प्रश्न विचारणारी तीच एक होती.

हे काही त्या संध्याकाळी रागाच्या भरात ठरलं नव्हतं. व्हिसा झाला होता, तिकीट काढलं होतं, सगळं माझ्या पेन्शनमधून. सांगितलं नव्हतं हे खरं. कारण आमच्या घरात सांगणं आणि परवानगी मागणं यांत फरक उरलेला नाही. मी एखादी गोष्ट सांगितली की लगेच त्यावर दोघांची मीटिंग बसते, आणि मीटिंग संपली की मला प्रेमानं कळवतात की आई, आत्ता नको.

यजमान गेल्यावर मुलानं मला इथे आणलं. त्यानं बोलावलं म्हणून मिळालेल्या पासवर मी राहते. त्याची नोकरी तर माझा पास. याबद्दल त्यानं कधी ब्र काढलेला नाही, तो तसला नाही. पण मला ते माहीत असतं, आणि माहीत असलेल्या गोष्टी पोळ्या लाटताना जास्त आठवतात. पहिलं वर्ष मी अगदी गुणी आजी होते. नातीला स्कूलबसमध्ये बसवायचं, भाजी आणायची, दुपारी तिला उतरवून घ्यायचं, खाऊ, अभ्यास, संध्याकाळचा स्वयंपाक. "हेल्पर कशाला ठेवायची, आई आहेत ना," असं सून मैत्रिणींना सांगायची तेव्हा मला अभिमानही वाटायचा. खोटं कशाला बोलू.

मग सायकल आली. आमच्याच ब्लॉकमध्ये एक चिनी बाई राहतात, माझ्याच वयाच्या, आयुष्यभर हिशेबाचं काम करून निवृत्त झालेल्या. त्यांचा नातू आणि माझी नात एकाच बसनं जायची. बस गेली की त्या खालच्या मोकळ्या जागेतून सायकल काढायच्या आणि पुंगोलच्या पाण्याकाठच्या वाटेनं निघून जायच्या. मी हातात नातीचा राहिलेला दुधाचा कप घेऊन बघत उभी. एक दिवस त्यांनी विचारलं, "यू कॅन राइड?" मला राग आला. पुण्याच्या बाईला सायकल येते का विचारणं म्हणजे मासोळीला पोहता येतं का विचारणं. आमच्या काळात कॉलेजला, क्लासला, भाजीला, सगळीकडे सायकल. मी म्हटलं, द्या इकडे.

आणि जशी लहानपणापासून चढत आले तशीच चढले. डावा पाय पायडलवर, उजव्या पायानं दोनचार उड्या मारत सायकल पळवायची, आणि वेग आला की मागून टांग टाकायची. तिथे बसलेले दोन म्हातारे कॉफी प्यायचे थांबले. बाई म्हणाल्या, "आयो, व्हाय यू जंप? जस्ट सिट, लाह." इथे सगळेच वाक्याच्या शेवटी "लाह" जोडतात, आपल्या "गं"सारखा. उभ्या सायकलवर शांतपणे बसून निघता येतं हे मला वयाच्या साठीला सिंगापुरात कळलं. तरी मी टांगच टाकते. आपल्याला बसून निघणं जमत नाही.

वर्षभरात आम्ही दोघींनी ह्या बेटावरची प्रत्येक पाण्याकाठची वाट पालथी घातली. बेट सपाट. चढ चढायचा तर पूल शोधावे लागतात. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा पिताना बाईंनी एक घडी पडलेला नकाशा टेबलावर पसरला. नवऱ्याबरोबर त्या पूर्वी एकदा फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका नदीच्या खोऱ्यात सायकलवर फिरल्या होत्या. तो आता नाही, आणि त्यांना पुन्हा जायचं होतं. नकाशावर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि अगदी बारीक, गाड्या जवळजवळ नसलेले रस्ते पांढरे. "वी ओन्ली टेक व्हाइट," त्या म्हणाल्या.

मी रस्ते बघतच नव्हते. मी नदी बघत होते. मी भूगोलाची बाई. नागमोडी वळणं मी बत्तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढली. बाहेरच्या काठाला पाणी जोरात आदळतं, तिथे काठ झिजून कडा तयार होतो. आतल्या काठाला पाणी मंदावतं, तिथे गाळ साचतो. बाहेरून खाते, आत टाकते, असं मुलींना घोकून घेतलं. पण असं एक धड वळण मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आणि इथे ती नदी एका गावाला घोड्याच्या नालासारखी वळसा घालत होती, पुढे पुन्हा, पुढे पुन्हा. नदीचं नाव लॉट. मराठीत लॉट म्हणजे दुकानात आलेला माल. मी बाईंना म्हटलं, हा लॉट मला पाहिजे.

तर आता घरात महाभारत. मुलगा पहिल्यांदा वयावर आला. "आई, एकसष्ट वर्षांची आहेस तू." मी म्हटलं, मला माहीत आहे, मीच झाले. मग गुडघ्यांवर आला, मग रस्त्यांवर, मग इन्शुरन्सवर. निदान बॅटरीवाली सायकल घे म्हणाला. मी म्हटलं, बॅटरीवरच जायचं तर बस काय वाईट आहे. सून शहाणी आहे, तिनं आवाज मऊ केला. "आई, तुम्हाला कंटाळा आला असेल तर आपण सगळेच डिसेंबरात पॅरिसला जाऊ ना. टॉवर बघू."

"मला टॉवर नको बघायला. मला नदी बघायची आहे."

"पण जूनच का?"

"कारण जूनमध्ये दिवस मोठा असतो आणि नदीला पाणी असतं. भूगोल आहे तो, हट्ट नाही."

हट्टही होता. पण ते तिला कशाला सांगू.

शेवटी मुलगा चिडला. "लोक म्हातारचळ म्हणतील." म्हणू देत म्हटलं. चळ आहे, म्हातारीला लागलाय, शब्दात काही चूक नाही. यावर तो खोलीत गेला आणि दार जरा जोरातच लावलं. दुसऱ्या दिवशी सुनेनं नातीचं नाव एका हॉलिडे कॅम्पमध्ये घातलं. मित्राच्या मुलीचं काय झालं ते मी विचारलं नाही. निघायच्या दिवसापर्यंत घरात माझ्याशी सगळे इतके सभ्यपणे वागले की मला पाहुणी झाल्यासारखं वाटलं. मुलगा विमानतळावर सोडायला आला, बॅग उचलली, नमस्कार केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला वाईट वाटलं. तरी मी गेले.

ती नदी मी वर्णन करून सांगणार नाही, करायला गेले तर पुन्हा फळा आणि खडू. एवढंच सांगते की पुस्तकात लिहिलेलं सगळं खरं निघालं. बाहेरच्या बाजूला चुनखडीचे पांढरे कडे सरळ उभे, आतल्या बाजूला द्राक्षांचे मळे, मका आणि अक्रोडाची झाडं. मी पहिल्या वळणावर सायकलवरून उतरून मोठ्यानं म्हटलं, "बाहेरून खाते, आत टाकते." बाईंनी विचारलं काय म्हणालीस. मी म्हटलं, प्रार्थना.

पांढरे रस्ते खरोखरच पांढरे निघाले. तासभर चालवलं तरी एखादा ट्रॅक्टर, एखादी पोस्टाची पिवळी गाडी, आणि कुंपणामागून भुंकणारं कुत्रं. रस्ता एवढासा, की कधी कड्याला खोबणी करून त्यातून नेलेला आणि डोक्यावर खडक ओथंबलेला. दुपारी सगळं खोरं कुलूप लावून जेवायला बसतं. दुकान बंद, पोस्ट बंद, माणूस नाही. पहिल्या दिवशी आम्ही उपाशी राहिलो. दुसऱ्या दिवसापासून सकाळीच लांबडा पाव घेऊन मागच्या पिशवीत खोचायचा आणि चर्चच्या पायरीवर बसून माझ्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचा. बाईंना चटणी इतकी आवडली की तिसऱ्या दिवशी डबा त्यांच्या पिशवीत गेला आणि मला मागावी लागली.

एकच अडचण होती. फ्रान्समध्ये उजव्या बाजूनं चालवायचं. सरळ रस्त्यावर जमायचं, मी तोंडानं "उजवी, उजवी" म्हणत जायची. पण एका गावाच्या तोंडाशी गोल चौक आला. मधोमध दगडी क्रूस, भोवती लाल फुलं. बाई पुढे होत्या, त्या उजवीकडून गेल्या. माझे हात मला न विचारता डावीकडे वळले. पलीकडे रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे आम्ही दोघी समोरासमोर आलो, आणि आमच्यामध्ये पावाची व्हॅन करकचून थांबली. व्हॅनवाल्यानं काच खाली केली, हात हवेत गोल फिरवून मला काहीतरी लांबलचक समजावलं. शिव्या नसाव्यात. असल्या तर फार मधुर होत्या.

मी बाईंना सांगितलं, आम्ही देवाभोवती अशाच फिरतो. देव उजव्या हाताला. लहानपणापासून पायांना तेच वळण, मध्ये देवासारखं काही दिसलं की पाय आपोआप तिकडून जातात. उलटी प्रदक्षिणा घालायची नसते, पाप लागतं. बाईंनी शांतपणे क्रूसाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हिअर युअर गॉड ऑल्सो मस्ट कीप राइट, लाह."

मी एवढी हसले की फुटपाथवर बसावं लागलं. आणि मग एक गोष्ट केली. त्या चौकाला मी मुद्दाम पूर्ण एक चक्कर मारली, उजवीकडून, म्हणजे आपल्या हिशेबानं उलटी. जन्मभर सुलट्या घातल्या. आईच्या सांगण्यावरून, सासूच्या सांगण्यावरून, मुलाच्या भल्यासाठी. एक उलटी घालून बघितली. काही झालं नाही. व्हॅनवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी रस्ता नदी सोडून वर पठारावर चढणार होता. घाट म्हणावा असा काही नाही, पण सिंगापुरात पुलांवर सराव केलेल्या बाईला तो घाटच. चढाच्या पायथ्याशी आम्ही पाणी प्यायला थांबलो आणि मुलाचा फोन आला.

नातीला कॅम्पमध्ये हँड-फूट-माउथ झालं होतं. तळहातावर आणि तोंडात फोड. इथे मुलांना ते होतच असतं, पण झालं की मुलाला घरी ठेवावं लागतं, कॅम्प बंद.

"ताप आहे का?"

"काल होता. आज नाही. डॉक्टर म्हणाले माइल्ड आहे."

"पाणी पितेय?"

"पितेय. आइस्क्रीम मागतेय."

माझा जीव भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "आई, मी तिकीट बघितलंय. उद्या संध्याकाळचं विमान मिळतंय. बदलू ना?"

मी म्हटलं, "कशाला?"

"कशाला म्हणजे? घरी कुणीतरी नको का? माझं क्लायंटचं प्रेझेंटेशन आहे. हिच्या टीममध्ये ऑडिट चालू आहे."

"कुणीतरी आहे की. तुम्ही दोघं आहात."

मला फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी रडायच्या आधी तो असाच श्वास घ्यायचा. खरं सांगते, त्या क्षणी मी हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. ती तापातून उठलेली, तोंड आलेलं, आणि मी इथे द्राक्षं बघत फिरतेय, असली कसली आजी. आणि नाही म्हटलं तर परत त्या घरात कुठल्या तोंडानं जायचं हेही मनात आलं. पास त्याचा, घर त्याचं. पण हेही दिसलं की आज परतले तर पुन्हा कधीच निघणार नाही. प्रत्येक जूनमध्ये कुणाला तरी काहीतरी झालेलं असेल, आणि ते दर वेळी खरंच झालेलं असेल. खोट्या कारणाशी भांडता येतं. हे कारण खरं होतं.

"नको बदलू," मी म्हटलं. "मी ठरल्या दिवशी येईन."

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "तुला आमच्यापेक्षा सायकल महत्त्वाची आहे का?"

आईनं याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला पाठ आहे. शाळेत मराठीचा तास अंगावर आला की ते मी मुलींकडून निबंधात लिहून घेतलंय.

"आज हो," मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला.

बाई पाचसात पावलांवर होत्या. त्यांना मराठी कळत नाही, पण आजीचा चेहरा कळतो. त्यांनी चटणीचा डबा पिशवीतून काढून माझ्या पिशवीत ठेवला आणि चढाला लागल्या. मी मागून निघाले. तो चढ मी रडत चढले. चांगली हुंदके देऊन. वर ऊन, खाली नदी, दम लागलेला, नाक वाहतंय, आणि तोंडानं मुलाला शिव्या. मेल्या, तुला तापात मी रात्र रात्र मांडीवर घेतलं, तेव्हा तुझा बाप दौऱ्यावर असायचा आणि त्याला कुणी विचारलं नाही की तुला नोकरी महत्त्वाची का. निम्म्या चढावर पाय थरथरायला लागले. उतरून सायकल ढकलत नेली असती तर जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. मी उतरले नाही. उतरले असते तर त्याचं म्हणणं खरं झालं असतं, असं मला उगाचच वाटत होतं.

वर पोहोचल्यावर बाईंनी पाण्याची बाटली दिली. त्या म्हणाल्या, "यू क्राय ऑल द वे?" मी म्हटलं, हो. "बट यू नेव्हर स्टॉप." मी म्हटलं, नाही. त्यावर त्यांनी मान हलवली आणि आम्ही पाव खाल्ला.

त्या दिवशी पुढे काही मेसेज आला नाही. मी दोनदा लिहून पुसलं. "कशी आहे" एवढंच विचारायचं होतं, पण ते मुलाला विचारलं की माफी मागितल्यासारखं होईल असं वाटलं, म्हणून सुनेला विचारलं. तिनं फोटो पाठवला. नात सोफ्यावर, हातात आइस्क्रीम, आणि मागे माझा मुलगा भर कामाच्या दिवशी अर्ध्या चड्डीत, मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर स्टिकर लावलेले. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. त्याची दाढी वाढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिशव्या बांधत होतो. फोन वाजला. मुलाचा मेसेज. ना नमस्कार, ना राग.

"तिला मऊ भात हवाय. तू करतेस तसा. कसा करतेस?"

माझा अंगठा लगेच चालायला लागला. तांदूळ धुऊन थोडा वेळ ठेव, पाणी दुपटीहून जास्त, शिजल्यावर पळीनं घोट, साजूक तूप, मीठ बेतानं, तोंड आलंय तर लिंबू पिळू नकोस. सगळं लिहून झालं. पाठवायच्या आधी थांबले आणि सगळं खोडलं. कारण मी भात करते तेव्हा ती रोज स्टुलावर उभी राहून बघते, आणि हे तिच्या बापाला माहीत नाही.

मी लिहिलं, "तिला विचार. तिला येतो."

बाई सायकल घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मग नातीचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, तोंडात फोड असल्यामुळे बोबडा, पण ठणठणीत. ती माझ्याशी बोलतच नव्हती. "नो पपा, फर्स्ट यू वॉश. प्रॉपरली. नंतर पाणी. मोअर. मोअर, लाह. आता इकडे उभा राहा अँड वॉच."

आणि मागून माझ्या मुलाचा आवाज, अगदी हळू, "बरं. राहिलो उभा."

मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. अजून अर्धी नदी बाकी होती.